आजोबांचं ‘नाटक’ आणि ए विंगचा पंप

सी-५०३: कालच्या मीटिंगमध्ये बाबा मधेच उठून बेसिनकडे गेले. मागून कोणीतरी म्हणालं, "वर्गणीचा विषय निघाला की ह्यांचं नाटक सुरू." मला ऐकू आलं. नाव घेत नाही. पण एकदा सगळ्यांनी वाचावं म्हणून लिहितेय. बाबांना घास गिळता येत नाही. कधी कधी पाणीसुद्धा. त्या आजाराला आता नाव मिळालंय: अकॅलेशिया.

बी-१०२ काका: कोणी बोललं असेल तर वाईटच. पण मी तेव्हा पंपाबद्दल बोलत होतो. माझ्याकडे बोट नको.

सी-५०३: काका, मी नाव घेतलंच नव्हतं.

बी-४०१ काकू: अगं ॲसिडिटी असेल. आमच्या ह्यांनाही असंच व्हायचं. सकाळी उपाशीपोटी कोमट पाणी, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. पंधरा दिवसांत फरक.

सी-५०३: काकू, अडीच वर्षं ॲसिडिटीच्याच गोळ्या चालू होत्या. रात्री झोपेत तोंडात यायचं, ठसका लागायचा, उशी खराब व्हायची. आणि ते आंबट नसायचं, दुपारी खाल्लेलं जसंच्या तसं. हे मी दरवेळी सांगायचे, कोणी मनावर घेतलं नाही. वजन ९ किलो उतरलं तेव्हा कुठे पुढच्या तपासण्या झाल्या.

ए-३०४: वहिनी, अकॅलेशिया? नावातच अक्कल आहे. ग्रुपमध्ये साथ पसरू दे 🙏

सी-५०३: हसायचा विषय नाही हा.

ए-३०४: सॉरी वहिनी. आजोबांना नमस्कार सांगा.

सेक्रेटरी: नम्र विनंती. हा ग्रुप सोसायटीच्या कामापुरता आहे. ए विंगच्या पंपाच्या कोटेशनवर आज रात्री ९ पर्यंत मत कळवावे.

ए-१०१ ताई: मी डॉक्टर नाही, पण ज्या खोलीत अन्ननलिकेचा दाब मोजतात तिथे ११ वर्षं काम करतेय, म्हणून दोन शब्द. वर आलेलं आंबट नसणं ही लक्षात ठेवण्यासारखी खूण आहे. अन्न पोटात पोचलंच नाही तर त्यात ॲसिड मिसळणार कुठून? आत फार दिवस साठलं तर तिथेच आंबतं आणि जळजळही होते, म्हणूनच फसगत होते. आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो असा: फक्त घट्ट घास अडकतो की पाणीही? आधी घट्ट अडकायला लागलं आणि मग हळूहळू पातळही, तर आत काहीतरी वाट अडवतंय, गाठ किंवा आकसलेली जागा. पहिल्यापासून दोन्ही अडकत असेल तर बहुतेक स्नायूंच्या हालचालीतच घोळ.

बी-४०१ काकू: (फॉरवर्ड केलेला मेसेज) सकाळी उपाशीपोटी कोमट पाणी प्या, ॲसिडिटी मुळापासून घालवा. दहा जणांना पाठवा.

बी-१०२ काका: ताई, पण नळीच ना ती? वरून टाकलं की खाली जाणारच.

ए-१०१ ताई: नाही जात काका. साधारण २५ सेंटिमीटरची स्नायूंची नळी आहे. घास गिळला की वरून खाली आवळत जाणारी लाट येते, आणि त्याच वेळी तळाची झडप सैल होते. अकॅलेशियात त्या झडपेला "सैल हो" म्हणून सांगणाऱ्या चेतापेशीच मरतात. का, ते बहुतेक वेळा कळत नाही. झडप आवळलेली राहते, वरची लाटही जाते. मग अन्न फक्त स्वतःच्या वजनाने जेवढं उतरेल तेवढं. वर्षाला लाखात साधारण एकाला होतो, म्हणून चटकन कोणाच्या डोक्यात येत नाही.

बी-१०२ काका: म्हणजे आपल्या ए विंगसारखंच. पंप पंप करत मोटार बदलली आणि निघाला वॉल्व्ह.

सेक्रेटरी: मोटार जुनीच होती. ठराव सर्वांच्या सहीने झालेला आहे.

बी-१०२ काका: माझी सही नव्हती. मिनिट्स टाका ग्रुपवर.

सेक्रेटरी: ऑफिसात येऊन बघाव्यात.

बी-१०२ काका: ऑफिस उघडं असतं तेव्हा ना.

ए-१०१ ताई: उपमा चुकीची नाही काका, फक्त इथे वॉल्व्ह उघडत नाही आणि पंपही गेलेला, दोन्ही.

सी-५०३: आमची एंडोस्कोपी पहिल्याच वर्षी झाली होती. "सगळं नॉर्मल, टेन्शन घेऊ नका" असं सांगून घरी पाठवलं. त्या एका कागदामुळे दोन वर्षं गेली. घरातले पण म्हणायला लागले की मनाचं आहे. मीसुद्धा एकदा म्हटलं, खोटं कशाला बोलू.

ए-१०१ ताई: एंडोस्कोपी करायलाच हवी, त्यात वाद नाही. झडपेपाशी कॅन्सर असेल तर तोही हुबेहूब अकॅलेशियासारखा दिसतो, खास करून उतारवयात वजन झपाट्याने घटत असेल तर. पण कॅमेऱ्याला आतलं अस्तर दिसतं, स्नायूचा जोर मोजता येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत अस्तर अगदी स्वच्छ असू शकतं. मग बेरियम पाजून एक्स-रे काढतात. उभं करून १, २ आणि ५ मिनिटांनी बघतात की किती उतरलं. नळी वर फुगलेली आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती दिसते. आणि पक्कं उत्तर देते ती मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिकेचा दाब मोजायची तपासणी.

डी-२०२: भूल देतात का त्याला?

ए-१०१ ताई: नाही. नाक बधिर करतात, बस. पेशंट जागा हवा, कारण गिळायचं काम त्यालाच करायचंय. नाकातून बारीक नळी पोटापर्यंत घालतात, तिच्यावर एकेक सेंटिमीटरवर मिळून ३६ सेन्सर असतात. झोपवून ५ मिलीचे १० घोट पाणी द्यायचं, मग बसवून पुन्हा काही घोट. नळी जाताना उमासे येतात, डोळ्यांत पाणी येतं. पहिली दोन मिनिटं वाईट, मग बरेच जण गप्पा मारायला लागतात. स्क्रीनवर दाबाचा रंगीत नकाशा उमटतो. तो अशा आजारांचे प्रकार ठरवणाऱ्या ‘शिकागो वर्गीकरणा’प्रमाणे वाचतात, त्याची चौथी आवृत्ती २०२१ मध्ये आली.

डी-२०२: विचारू की नको असं होत होतं. मला छातीत मधेच आवळल्यासारखं होतं. ईसीजी नॉर्मल आला. घरातली जिभेखालची गोळी ठेवली की थांबतं. म्हणजे हृदयच ना?

ए-१०१ ताई: दादा, ती गोळी अन्ननलिकेचे स्नायूही सैल करते. त्यामुळे आराम पडला म्हणून हृदय आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. अन्ननलिका वेडीवाकडी किंवा फार जोरात आवळली तरी अगदी तस्संच दुखतं. पण क्रम ठरलेला आहे: आधी हृदय. एका नॉर्मल ईसीजीवर विसंबून राहू नका. जिना चढताना होतं का?

डी-२०२: कधी कधी.

ए-१०१ ताई: मग आजच दाखवा. उद्या नाही.

चेअरमन: दादा, गाडी माझी आहे. खाली या. पार्किंगचं नंतर बोलू.

बी-४०१ काकू: ॲसिडिटीनेही छातीत दुखतं हं. (फॉरवर्ड केलेला मेसेज) सकाळी उपाशीपोटी कोमट पाणी प्या...

ए-३०४: काकू, पाणी येतंय कुठे? ए विंगला पंप बंद आहे.

सी-५०३: ताई, बाबांच्या रिपोर्टमध्ये टाइप २ आहे. आमच्या घरात तीन मतं. दीर म्हणतात फुग्याने रुंद करून घ्या, नणंद म्हणते दुर्बिणीतून ऑपरेशन, आणि ह्यांनी कुठेतरी पोएम वाचलंय.

ए-१०१ ताई: अकॅलेशियाचे तीन प्रकार असतात. टाइप २ तिघांत उपचारांना सगळ्यात चांगली दाद देतो, त्यामुळे तिन्ही मार्ग चालण्यासारखे आहेत. फुगा ३० मिलिमीटरपासून सुरू करतात, गरज पडली तर पुढच्या वेळी ३५. बऱ्याच जणांना काही वर्षांनी पुन्हा करावा लागतो. नळी फाटायचा धोका शंभरात एक-दोघांना, म्हणून झाल्यावर लक्ष ठेवतात. ऑपरेशन म्हणजे झडपेचे स्नायू बाहेरून कापायचे, हेलर नावाच्या जर्मन सर्जननी १९१३ मध्ये पहिल्यांदा केलं. आता छोट्या छिद्रांतून होतं आणि ॲसिड वर येऊ नये म्हणून जठराचा भाग तिथे गुंडाळतात. पोएममध्ये तेच कापणं तोंडातून, आतून करतात. जपानमध्ये डॉ. इनोउए यांनी २००८ मध्ये सुरू केलं. बाहेर टाका नाही. पण ती गुंडाळी नसल्याने ॲसिड जास्त वर येतं. २०१९ मध्ये दोन्हींची तुलना छापून आली, त्यात दोन वर्षांनी अन्ननलिकेला ॲसिडची सूज पोएमवाल्यांत ४४ टक्के आणि ऑपरेशनवाल्यांत २९ टक्के होती. गिळणं दोन्हीकडे जवळपास सारखंच सुधारलं. टाइप ३ असता तर मी पोएमबद्दल जास्त विचारायला सांगितलं असतं, कारण तिथे वरपर्यंत लांब कापावं लागतं.

सी-५०३: आणि इंजेक्शन? त्यांनी बोटॉक्स पण म्हटलं होतं.

ए-३०४: बोटॉक्स? सुरकुत्यांचं? चेअरमनसाहेबांच्या कपाळालाही...

चेअरमन: सिग्नलला थांबलोय. वाचतोय.

ए-१०१ ताई: तेच औषध. पण बहुतेकांचा असर वर्षाच्या आत उतरतो. ऑपरेशन झेपणार नाही अशांसाठी. आणि वहिनी, काहीही केलं तरी गेलेली लाट परत येत नाही. फक्त दार उघडतं. जेवताना ताठ बसायचं, सावकाश, घोट घेत, आणि झोपायच्या आधी दोन-तीन तास काही नाही. हे कायमचं.

बी-४०१ काका: मी बी-४०१ मधला नवरा. "पंधरा दिवसांत फरक" वाचलं. कसला फरक? तीन महिने मी उभा राहून जेवतोय. ही म्हणते कोमट पाणी पी. तेही परत येतं.

बी-४०१ काकू: हे ग्रुपवर लिहायची काही गरज होती का?

बी-४०१ काका: घरात सांगून झालं.

ए-१०१ ताई: काका, वेगळा मेसेज करते. पाठीच्या ऑपरेशननंतरच्या वेदनांच्या गोळ्या अजून चालू आहेत का, तेवढं बघून ठेवा. अफूच्या वर्गातल्या असतील तर त्यांनीही झडप आवळते. स्वतःहून बंद मात्र करू नका.

बी-१०२ काका: सी-५०३, काल ते मीच बोललो होतो. माहीत नव्हतं.

सी-५०३: कळलं होतं मला काका.

सेक्रेटरी: ९ वाजले. पंपाच्या विषयावर एकूण मतं २ आली आहेत. ही पद्धत बरोबर नाही.

चेअरमन: दादांना ॲडमिट करून घेतलंय, तपासण्या चालू आहेत. घरच्यांनी खालच्या मजल्यावर या.

सी-५०३: बाबा माझ्या फोनवर सगळं वाचतायत. म्हणतात, पुढच्या मीटिंगला वर्गणीचा विषय पहिलाच घ्या, म्हणजे मी नंतर निवांत उठून जाईन.