मदत हवी आहे: दोन सर्व्हरवर व्हीएमची (आभासी संगणकांची) वाटणी कशी करावी?

नमस्कार मंडळी. आमच्या ऑफिसात २० संगणक आहेत. सगळं एकाच जुन्या सर्व्हरवर चालतं, तो आता दमलाय. नवीन दोन सारखे सर्व्हर मिळालेत, प्रत्येकी ८ कोअर आणि ६४ जीबी रॅम. दोन्हींवर प्रॉक्समॉक्स (व्हीएम चालवणारी प्रणाली) टाकायचा विचार आहे.

व्हीएम अशा: सगळ्यांचं लॉगिन सांभाळणारे डोमेन कंट्रोलर दोन (प्रत्येक सर्व्हरवर एक, यावर माझं मत पक्कं आहे), फाइल सर्व्हर, अकाउंटिंगचा डेटाबेस आणि एक छोटं लिनक्स वेब अ‍ॅप. एक सर्व्हर बंद पडला तर दुसऱ्याने सगळा भार उचलावा, म्हणून सगळ्या व्हीएमची मिळून रॅम ५० जीबीच्या आत ठेवतोय.

खरी अडचण क्लस्टरची, म्हणजे दोन्ही सर्व्हर जोडून एक गट करण्याची. दोनच नोड (गटातले सर्व्हर) असले की एक गेल्यावर उरलेल्याकडे बहुमत राहत नाही, आणि आपोआप फेलओव्हर होत नाही, म्हणजे बंद पडलेल्या सर्व्हरच्या व्हीएम दुसऱ्यावर सुरू होत नाहीत. तिसऱ्या मतासाठी एखाद्या छोट्या संगणकावर क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारी सेवा) चालवता येतं. कोणी रोजच्या वापरात ठेवलंय का? की क्लस्टरच्या भानगडीत न पडता दोन्ही स्वतंत्र ठेवून झेडएफएस रेप्लिकेशन (ठरावीक वेळाने डिस्कवरचा डेटा दुसऱ्या सर्व्हरवर उतरवणं) बरं? त्यात शेवटच्या काही मिनिटांचा डेटा गेला तर फाइल सर्व्हरला चालेल, डेटाबेसला नाही.

शिवाय स्विच १ गिगाबिटचा आहे, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११० एमबी. बॅकअप वेगळ्या नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणुकीच्या डब्यावर) रात्री जाईल, पण रेप्लिकेशन दिवसभर चालणार. त्यासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं आभासी नेटवर्क) पुरेल, की दोन सर्व्हरमध्ये थेट केबल टाकू? व्हीलॅनने वायर काही रुंद होत नाही, म्हणून मन केबलकडे झुकतंय.