मदत हवी आहे: सांगलीत तीन लाखांपर्यंत घरासाठी जुनी गाडी कोणती घ्यावी?

वारणाकाठ
नमस्कार. आम्हाला घरासाठी जुनी चारचाकी घ्यायची असून त्यासाठी तीन लाख रुपये बाजूला ठेवले आहेत. सांगली-मिरजेतल्या बऱ्याच गाड्या पाहून झाल्या; प्रत्येक विक्रेता आपली गाडी एकहाती वापरलेली आणि कुठेही न ठोकलेली असल्याचे सांगतो. एका गाडीचा इसार शनिवारपर्यंत द्यायचा आहे, नाहीतर ती दुसऱ्याला जाईल. कृपया फाटे न फोडता कोणती गाडी घ्यावी एवढे सांगावे.

यवतेश्वर
पेट्रोल वॅगनआर डोळे झाकून घ्यावी. आमच्याकडे २०१५ ची आहे आणि साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला आम्ही नेहमी तिनेच जातो. चार माणसे बसवून एसी लावला तर चढाला दुसरा गिअर टाकावा लागतो हे खरे, पण गाडी कधी अडली नाही. तिचे सुटे भाग विट्यातही मिळतात आणि जतमध्येही, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत याहून मोठे सुख नाही.

द्राक्षबाग
तासगाव भागात ज्यांना रोज फिरावे लागते त्यांना पेट्रोल परवडत नाही, म्हणून मी डिझेल स्विफ्ट किंवा डिझायर सुचवीन. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे लोक उगाच घाबरतात आणि भाव पडतो, याचा फायदा घ्यावा. तिचे १.३ लिटरचे इंजिन मूळचे फियाटचे असून टाटाच्या गाड्यांतही ते बसत असे, तेव्हा त्याचे काम जाणणारे मेकॅनिक सगळीकडे आहेत.

जुना फिटर
ज्या गाडीचा इसार द्यायचा आहे तिचेच नाव आपण सांगितलेले नाही. घरात माणसे किती, महिन्याला रनिंग किती, गाडी कुठल्या पासिंगची आणि कोणत्या सालची, हे कळल्याशिवाय सल्ला देणे मला योग्य वाटत नाही. द्राक्षबाग यांना आदराने सांगतो की, डिझेलचा हिशेब रनिंगवर अवलंबून असतो. महिन्याला पाच-सहाशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीत इंधनावर वाचलेले पैसे इंजेक्टरच्या किंवा टर्बोच्या एकाच कामात निघून जातात.

द्राक्षबाग
माझ्या गाडीचा टर्बो मूळचाच आहे. वेळेवर ऑइल बदलणाऱ्याला डिझेल त्रास देत नाही, आणि जो बदलत नाही त्याचे पेट्रोल इंजिनही टिकत नाही.

जुना फिटर
आपण ऑइल वेळेवर बदलले असेल यात शंका नाही. पण ज्याच्याकडून ही गाडी घ्यायची आहे त्याने ते बदलले होते का, हा माझा प्रश्न आहे.

पहिली गाडी
माझ्या मते जुनी घेऊच नये. तीन लाख आगाऊ भरून उरलेल्या रकमेचे कर्ज काढावे आणि नवी लहान गाडी घ्यावी; वॉरंटी मिळते आणि मनाला घोर राहत नाही.

वारणाकाठ
नवी गाडी विचारलेली नाही. हप्ता भरण्याची सध्या परिस्थिती नाही. बाकीची माहिती देते. घरात पाच माणसे आहेत. सासूबाईंना डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागते. एरवी गाडी फारशी निघणार नाही. इसाराची गाडी २०१६ ची, पेट्रोलची, एमएच १० पासिंगची हॅचबॅक आहे आणि तशाच इतर गाड्यांपेक्षा चाळीस हजारांनी स्वस्त मिळते आहे. पहिले मालक शामरावनगरचे होते. सीट कव्हर नवे आहेत, आतून स्वच्छ आहे. मग घ्यावी ना?

जुना फिटर
ताई, आता दोन गोष्टी महत्त्वाच्या झाल्या. पहिली म्हणजे सासूबाई. डायलिसिसहून परतणाऱ्या माणसाला अंगात त्राण नसते. ठेंगण्या गाडीत खाली वाकून बसणे आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठणे त्यांना नको होते. त्यामुळे सीट उंच आणि दरवाजा उभा असलेली गाडी हवी, आणि या बजेटात त्या हिशेबाने यवतेश्वर यांचे उत्तर बरोबर ठरते. गाडी पाहायला जाताना त्यांना बरोबर न्यावे आणि मागच्या सीटवर बसवून उतरवून पाहावे.

दुसरी गोष्ट शामरावनगरची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा गावभाग, मारुती चौक, शामरावनगर हा सगळा भाग पाण्यात होता. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला. २०१६ ची गाडी त्या वेळी कुठे उभी होती हे विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. नवे सीट कव्हर आणि कमी भाव या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की माझे लक्ष आधी खाली जाते. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. पाणी आलेले असेल तर गुंडाळीच्या आतल्या भागावर, जो एरवी कोणी बाहेर काढत नाही आणि धूतही नाही, मातीचा पिवळट पट्टा दिसतो. सीट ज्या रुळांवर सरकते ते बॅटरीच्या उजेडात पाहावेत, डिक्कीतले स्टेपनी काढून तळाशी गाळ आहे का ते बोटाने चाचपावे, आणि डॅशबोर्डखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवी बुरशीसारखी पूड आहे का ते पाहावे. इंजिन आज सुरळीत चालेल. हे जोड मात्र वर्ष-दोन वर्षांनी, बहुतेक पावसात, दगा देतात आणि कशामुळे ते कोणाला सापडत नाही.

सांगलीवाडी
आम्ही पूर सोसलेली माणसे आहोत, म्हणून एक बाजू मांडतो. पुरात उभी राहिलेली प्रत्येक गाडी टाकाऊ नसते. चाकापर्यंत पाणी आले असेल तर ब्रेक आणि बेअरिंगचे काम करून गाडी उत्तम चालते. पाणी फ्लोअरच्या वर गेले असेल तरच घेऊ नये. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर देऊन जुन्या कामांची यादी मिळते का ते मालकाकरवी विचारावे. पुराच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मोठे काम निघाले असेल तर उत्तर तिथेच आहे.

सीमाभाग
मिरजेहून चिकोडी जवळ आहे. केए २३ पासिंगच्या गाड्या पाहाव्यात, स्वस्त मिळतात.

खाकी कागद
स्वस्त दिसतात, कारण पुढचा खर्च त्या भावात धरलेला नसतो. कर्नाटकातील गाडी कायमची इकडे ठेवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी आणून, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून नवा नंबर घ्यावा लागतो. गाडी महाराष्ट्रातलीच घ्यावी आणि कागद नीट पाहावेत. आरसीवर बँकेचे नाव असेल तर केवळ "कर्ज फिटले आहे" या शब्दावर विसंबू नये; बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन एचपी, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद, उतरवून घ्यावी. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही आपल्यासमोर व्हावी, कारण कोऱ्या सह्यांचे फॉर्म हातोहात फिरतात. परिवहनच्या संकेतस्थळावर थकलेली चलने पाहावीत. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असल्याने तिला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही पाहावे. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हप्त्यातील फरक भरावा लागेल.

घाटमाथा
सुरक्षिततेचा विचार कोणीच मांडला नाही. टाटाच्या टियागोला २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत चार तारे मिळाले, वॅगनआरला २०१९ मध्ये दोनच. आजारी माणसाला न्यायचे आहे, तर टियागो घ्यावी.

जुना फिटर
ते दोन तारे २०१९ च्या नव्या वॅगनआरचे आहेत. या बजेटात येणारी जुनी गाडी वेगळी. तरीही आपला मुद्दा मला मान्य आहे. कुठलीही गाडी असो, एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके अडकू न देणारी यंत्रणा) असलेले मॉडेलच घ्यावे. चालकाच्या बाजूची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत ती बहुधा नसते. मात्र टियागोची सीट खाली आहे, हे विसरू नये.

वारणाकाठ
सगळ्यांचे आभार. आज दुपारी जाऊन पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला. आतल्या हातभर भागावर मातीचा स्पष्ट डाग आहे आणि सीटखालचे रूळ गंजलेले आहेत. विक्रेत्याला विचारले, तेव्हा "एवढे तर सांगलीत चालतेच" असे उत्तर मिळाले. आम्ही इसार देणार नाही. पलूसला एक २०१५ ची पेट्रोल वॅगनआर आहे, दुसरे मालक, एअरबॅग आहेत. पण डिक्कीत बाहेरून बसवलेली सीएनजीची टाकी आहे. ती चालेल का?

खाकी कागद
आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलबरोबर सीएनजीची नोंद असेल तरच. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झाली आहे का, त्याचा दाखला मागावा.

जुना फिटर
सासूबाईंची व्हीलचेअर न्यायची असेल तर डिक्कीत टाकी नको. मालक टाकी काढून, आरसीवरची नोंद उतरवून देत असेल तर गाडी पाहण्यासारखी आहे. रविवारी सकाळी इंजिन थंड असताना जावे. मालकाने ते आधी गरम करून ठेवले असेल, तर ते निवेपर्यंत थांबून मगच चालू करायला सांगावे.