सगळे धंदा सोडून गेले, तुम्ही का राहिलात? अनुभव सांगा

डार्करूमवाली:
काल बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं फोटो स्टुडिओचं दुकान आवरताना इंदू पेपरचं रिकामं पाकीट सापडलं. ऊटीला बनायचा तो फोटो छापायचा कागद. एकदम बाबांचे तपकिरी डाग पडलेले ट्रे आठवले. आमच्या गल्लीत तीन स्टुडिओ होते, आता आम्हीच. कोनिका मिनोल्टानं २००६ मध्ये फोटोचा धंदा सोडला, पोलरॉइडनं २००८ मध्ये फिल्म बंद केली, २०१२ मध्ये कोडॅकची दिवाळखोरी. दरवेळी कुणीतरी बाबांना सांगायचं, आता आवरतं घ्या. कलर त्यांनी सोडलं, ब्लॅक अँड व्हाइट नाही. आजही रोल येतात, बरेचसे फाईन आर्ट्सच्या पोरांचे. गिऱ्हाईक आहे हो, माल मिळत नाही!

रावपुरा७१:
सासरे टाइपरायटर दुरुस्त करतात. पार्ट मिळेनात म्हणून सहा मशीनं भंगाराच्या भावात घेऊन ठेवलीत, स्प्रिंगा त्यातूनच काढतात. बाकीच्यांनी दुकानं बंद केली, त्यांचं गिऱ्हाईक यांच्याकडेच आलं.

मांडवीची माई:
अगं तुमच्याच गल्लीत आमचे लग्नाचे फोटो काढलेले! निगेटिव्हना बुरशी आलीय. ओल्या फडक्यानं पुसू का?

डार्करूमवाली:
माई, नका! बुरशीनं जिलेटिन विरघळायला लागतं, पाणी लागलं की चित्रच निघून येईल. कोरड्या डब्यात ठेवा नि घेऊन या.

शेवउसळ:
रोल धुवायला टाकायचा, तोवर शेवउसळ खाऊन यायचं. तर्री जास्त. काय दिवस होते

पिक्चरट्यूब:
मी टीव्ही दुरुस्तीचं सोडलं. भाड्याचं दुकान, दोन मुलं शिकणारी. राहिलो असतो तर कर्जात गेलो असतो. जागा स्वतःची असेल तरच टिकता येतं, ताई.

डार्करूमवाली:
खरंय दादा. आमची जागा आजोबांनी घेतलेली, म्हणून निभावलं. तुम्ही केलंत ते बरोबरच.

सयाजीगंज:
इलफर्ड ही फिल्म बनवणारी ब्रिटिश कंपनीसुद्धा २००४ मध्ये बुडायला आली होती. तिथल्याच मॅनेजरांनी विकत घेतली नि ब्लॅक अँड व्हाइट धरून राहिले. त्यांची एचपी५ फिल्म अजून मिळते ती त्यांच्यामुळे. डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुवायचं द्रावण, घरीच करता का?

डार्करूमवाली:
हो, डी-७६ नावाचा. लिटरला २ ग्रॅम मेटॉल, १०० सोडियम सल्फाइट, ५ हायड्रोक्विनोन, २ बोरॅक्स. बाबा चिठ्ठी न बघता तोलतात. त्रास उन्हाळ्यात. द्रावण २० डिग्रीला हवं नि मे महिन्यात आपल्या बडोद्याच्या नळाला ऊन पाणी! बर्फाच्या परातीत बाटली ठेवून बाबा थर्मामीटर धरून बसतात.

मांडवीची माई:
रविवारी उघडं असतं का गं?

डार्करूमवाली:
पाचनंतर या माई. बाबा असतील, ओळखतील तुम्हाला.