मदत हवी आहे: लग्नानंतरची पहिली संक्रांत, दुसऱ्या दिवशी मतदान आणि त्याच दिवशी किंक्रांत

नवी_सून_पुणे (९ जानेवारी २०२६, रात्री ११.२०)
नमस्कार, जरा लवकर उत्तर द्या प्लीज, दिवस कमी उरलेत. माझी लग्नानंतरची पहिली संक्रांत आहे. १४ ला संध्याकाळी घरी हळदीकुंकू ठरलंय, चंद्रकळा आणली, हलव्याचे दागिने आणले, चाळीसेक बायकांना बोलावणी गेली. १५ ला महापालिकेचं मतदान. मला मतदान करायचंच आहे. सासूबाई म्हणतायत किंक्रांतीला प्रवास करायचा नाही, त्यांच्या घरात कधीच कुणी केलेला नाही. नवरा म्हणतो पहाटे चारला बाईकवर निघू आणि संध्याकाळपर्यंत परत येऊ. सासूबाई वाईट नाहीयेत हो, उलट फार जीव लावतात, म्हणून तर त्यांना दुखवायचं नाहीये. काय करू?

केंद्रावरचा_माणूस
ताई, मतदानाला प्रवास कसला? केंद्र जवळच्या शाळेत असेल. पहाटे चारला कुठे निघताय? तुमचं नाव कुठल्या यादीत आहे ते आधी सांगा.

नवी_सून_पुणे
अहो नाव माहेरी आहे, नाशिकला, पंचवटीत. नवऱ्याचं इथे पुण्यात. मला वाटलं मी लिहिलंय.

ऑनलाईन_सगळं_होतं
मग फॉर्म ८ भरून टाका ना, पत्ता बदलायचा तोच फॉर्म. माझ्या बायकोचं असंच केलं, बीएलओ (मतदारयादीचं काम बघणारा) घरी आला आणि झालं काम. उगाच दोनशे किलोमीटर कशाला जायचं.

केंद्रावरचा_माणूस
चुकीचं सांगू नका. महापालिकेला १ जुलै २०२५ ची विधानसभेची यादी धरलीये. आज फॉर्म भरला तर पुढच्या निवडणुकीला उपयोग होईल, या १५ ला नाही. ताई, तुमचं नाव पुण्याच्या यादीत पण आलेलं नाही ना ते बघा. या वेळी दुबार नावांपुढे दोन स्टार मारलेत, तसं असेल तर एकाच ठिकाणी मत देणार असं लिहून द्यावं लागतं.

नवी_सून_पुणे
नाही, फक्त नाशिकलाच आहे. लग्न नोव्हेंबरमध्ये झालं, तोपर्यंत यादी कधीच झालेली.

सिन्नरकर
बाईकचा विचार डोक्यातून काढा. या दिवसांत पहाटे चंदनापुरी घाटाच्या आसपास बोटं अशी बधिर होतात की ब्रेक दाबलाय का नाही ते कळत नाही, नुसतं थंडीनं डोळ्यातून पाणी. मी दोन वर्षं पुण्याहून गावी असा आलोय, आता हातमोजे दोन घातले तरी नको वाटतं. बसने या. वाकडेवाडी स्टँडहून ई-शिवाई, म्हणजे एसटीच्या इलेक्ट्रिक बस आहेत, बायकांना अर्धं तिकीट. चाकणचा ट्रॅफिक धरून साडेपाच तास पकडा.

घरचा_विचार
नव्या नवरीने पहिल्याच सणाला एवढी ओढाताण कशाला करायची? एका मताने काय फरक पडतो? सासूबाईंचं ऐका, पुढच्या वेळी पुण्यात टाका मत.

नवी_सून_पुणे
एक नाही, चार मतं आहेत. चार नगरसेवकांचा प्रभाग आहे, अ ब क ड. आणि पुढच्या वेळी म्हणजे कधी? मागची निवडणूक २०१७ च्या फेब्रुवारीत झाली, तेव्हा मी अकरावीत होते. २०२२ ला मुदत संपली, तेव्हापासून प्रशासकच आहे. मी आजवर एकदाही नगरसेवक निवडलेला नाही. माझं माहेर तपोवनापासून चालत दहा मिनिटांवर आहे. साधुग्रामसाठी, म्हणजे कुंभातल्या साधूंच्या मुक्कामासाठी, तिथल्या अठराशेच्या आसपास झाडांवर तोडायच्या नोटिसा लागल्या तेव्हा माझे बाबा रोज तिकडे जाऊन बसत होते. आम्ही दोघं, म्हणजे मी आणि नवरा, रात्री जेवणं झाली की एक पांघरूण घेऊन गॅलरीत बसतो आणि नाशिकच्या आणि आमच्या इथल्या उमेदवारांची भाषणं ऐकतो, त्याने वहीत लिहून ठेवलंय कोण पाण्याबद्दल काय बोललं. आमच्यासाठी ही लहान गोष्ट नाहीये.

रामकुंडाकाठी
साधुग्राम नको मग साधूंनी राहायचं कुठे? २०२७ चा सिंहस्थ आहे, जगभरातून लोक येणार. झाडं परत लावता येतात, कुंभ बारा वर्षांनी येतो.

वडाची_सावली
परत लावलेल्या झाडाला सावली यायला पण बाराच वर्षं लागतात दादा. रामाने जिथे वनवास काढला ते तपोवन, त्यातलं वन काढलं तर राहिलं काय. मी पण दर सिंहस्थाला स्नान करते, श्रद्धा तुमच्या एकट्याची नाही.

रामकुंडाकाठी
तुमची श्रद्धा कमी आहे असं मी म्हटलंच नाही. जागेचा प्रश्न विचारला, त्याचं उत्तर द्या.

केंद्रावरचा_माणूस
यासाठी वेगळा धागा काढा दोघांनी. ताईंचं आधी होऊ द्या.

माळकरी_आळंदी
मला एक वेगळंच विचारायचंय. १४ ला षट्‌तिला एकादशी पण आहे. हळदीकुंकवाला गूळपोळी करणार आहात का? आमच्याकडे तर सणाची गूळपोळी या वेळी दुसऱ्या दिवशीच.

नवी_सून_पुणे
हो, हे लिहायचं राहिलं, सासरी सगळे माळकरी आहेत. नवऱ्याने आठवीत माळ घातली. मी लग्नानंतर एकादशी धरायला लागले, कुणी सांगितलं म्हणून नाही, मला बरं वाटतं त्या दिवशी. त्यामुळे गूळपोळी १५ ला सकाळी, आणि सासूबाईंची ती पण एक इच्छा आहे की पहिली पोळी मी लाटावी.

खमंग
एकादशीला तीळ चालतात का पण? आमच्याकडे भगर, शेंगदाणे, साबुदाणा एवढंच.

माळकरी_आळंदी
नावातच तीळ आहेत. तिळाचं उटणं, तिळाचं दान, तीळ खाणं, सहा प्रकारे वापरायचे म्हणून षट्‌तिला. तिळगूळ खुशाल द्या आणि खा.

इतिहासवेडा
१४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं, तेव्हापासून संक्रांत कोसळली असं म्हणतात लोक. तेव्हाही थंडी आणि उपासमार, दोन्ही होतं. त्या दिवशी दिवा लावत जा एक.

केंद्रावरचा_माणूस
ताई, ओळखपत्र कोणतं नेणार? हे विचारायचं राहिलं.

नवी_सून_पुणे
आधार. पासपोर्टसाठी लगेच आडनाव बदलून घेतलं त्यावर. यादीत माहेरचं नाव आहे. चालेल ना?????

केंद्रावरचा_माणूस
म्हणूनच विचारलं. मी तीन निवडणुकांना केंद्रावर बसलोय, नेमका इथेच वाद होतो. उमेदवाराचा पोलिंग एजंट हरकत घेतो आणि मागे रांग खोळंबते. तुमचं जुनं मतदार कार्ड कुठाय? त्यावर माहेरचं नाव आणि तुमचा फोटो आहे, तेच पुढे करा, आधार बाहेर काढूच नका. पॅन कार्ड जुन्या नावाचं असेल तर ते जवळ ठेवा. आणि आत गेल्यावर चारही जागांचं बटण दाबा. एखाद्या जागेला कुणीच पटत नसेल तर ‘नोटा’ (यापैकी कुणीही नाही) हे बटण दाबा, पण ती सोडून देऊ नका. चारही झाल्याशिवाय शेवटचा बझर वाजत नाही.

नवी_सून_पुणे
कार्ड आईच्या कपाटात आहे, आत्ताच फोन करून शोधायला लावलं. पॅन जुनंच आहे. खूप आभार. पण मूळ प्रश्न राहिलाच, किंक्रांतीचं काय?

वडाची_सावली
देवीने किंकरासुराला मारलं तो दिवस तो. वाईट का मानायचा? मतदान हे पण देवीचंच काम समजा आणि निघा.

घरचा_विचार
पिढ्यान्‌पिढ्या पाळलंय ते असं एका ओळीत उडवू नका. घरातल्या मोठ्या माणसाचं मन राखणं हा पण धर्मच आहे.

आजीचं_गाठोडं
पोरी, मी सत्तरीची आहे. इतकं वाचलं, प्रस्थान ठेवायचं कुणालाच कसं आठवलं नाही? दिवस चांगला नसेल आणि जाणं भाग असेल तर आदल्या दिवशी प्रस्थान ठेवतात. एका रुमालात सुपारी, हळकुंड, थोडे तांदूळ बांधायचे, देवापुढे ठेवून नमस्कार करायचा आणि शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास त्या दिवशी सुरू झाला असं धरतात. दुसऱ्या दिवशी निघताना तो रुमाल तिथून उचलायचा. माझे सासरे कोर्टाच्या तारखांना असेच जायचे, तारीख काही अमावस्या बघून पडत नाही. तुझ्या सासूबाईंना हे नक्की माहीत असणार, तू नुसतं विचार. १४ ला एकादशी आहे, त्याहून चांगला दिवस कुठला.
आणि चाळीस बायकांचा घाट १४ लाच कशाला? रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. यंदा ती २५ जानेवारीला आहे, रविवार. थंडीत उपाशीपोटी तू दागिने घालून रात्री दहापर्यंत उभी राहणार आणि पहाटे निघणार, हे काही खरं नाही.

केंद्रावरचा_माणूस
आजी, २५ जानेवारी राष्ट्रीय मतदार दिन पण आहे.

नवी_सून_पुणे (१० जानेवारी, रात्री ९.४५)
आजी तुमच्या पाया पडते. सकाळी पोहे करताना सासूबाईंना विचारलं, प्रस्थान ठेवलं तर चालेल का. त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, तुला कुणी सांगितलं हे? त्यांच्या माहेरी पस्तान म्हणायचे, त्यांचे वडील वारीला निघताना ठेवायचे. मग स्वतःच उठून कपाटातून एक जुना लाल रुमाल काढून दिला. १४ ला संध्याकाळी घरच्या घरी औक्षण, मी फक्त हलव्याचं मंगळसूत्र घालणार, पाच सवाष्णींना वाण द्यायचं आणि रुमाल समोरच्या काकूंकडे ठेवायचा. मोठं हळदीकुंकू २५ ला, बाकी बायकांना फोन करून कळवतेय.
१५ ला सकाळी साडेसातला मतदान सुरू झालं की नवरा पहिल्या रांगेत, तोवर मी पहिली गूळपोळी लाटते, मग डबा घेऊन दोघं बसने. साडेपाचच्या आत पोचायला हवं. रात्री माहेरीच राहू, १६ ला निकाल आईबाबांबरोबर बघून परत.
सिन्नरकर, साडेआठ-नऊच्या आसपासची गाडी बघतेय पण रिझर्व्हेशन फुल दाखवतंय. सुट्टीच्या दिवशी वाकडेवाडीला उभं राहून जागा मिळते का?

सिन्नरकर
पुढच्या गाड्यांचं पण बघा, आणि नाहीच मिळालं तर साधी लालपरी पकडा. संगमनेरला बरीच गाडी रिकामी होते. खिडकीजवळ बसू नका, काच नीट लागत नाही, वारा घुसतो. शाल हातातच ठेवा.