घटातलं धान पिवळं का आलं?

साखरपेठेतली सून:
नमस्कार. आमचं देवघर आतल्या खोलीत, खिडकी नाही. घटाला काळ्या मातीत गहू, ज्वारी, करडई पेरली. धान भराभर वर आलं, पण पिवळं, बारीक आणि सगळं दाराच्या बाजूला कललेलं. जाऊबाईंचा घट सोप्यात असतो, त्यांचं धान बुटकं पण हिरवंगार. सासूबाईंच्या मनाला लागलंय. बी खराब होतं का? काही अशुभ तर नाही ना?

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, जुळे सोलापूर:
ताई, सासूबाईंना आधी सांगा, बी उत्तम आहे. खराब बी इतकं उगवलंच नसतं.

उजेड मिळेना की कोंब दाण्यातली शिदोरी पानांवर खर्च करत नाही, सगळी उंचीवर लावतो. मातीखाली असताना त्याला तेच करायचं असतं. हरितद्रव्याच्या आधीचा पदार्थ, प्रोटोक्लोरोफिलाइड, अंधारातही तयार होतो. पण गहू-ज्वारीत त्यापुढची पायरी प्रकाश पडल्याशिवाय होत नाही. पाइनची रोपं आणि बरीच शेवाळं अंधारातही हिरवी होतात, या धान्यांना ते जमत नाही.

उजेड आला हे कोंबाला कळतं ते मुख्यतः फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्यामुळे. 1959 साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलला शास्त्रज्ञांना ते सापडलं, तेही अंधारात वाढवलेल्या मक्याच्या कोंबांत, कारण तिथे हरितद्रव्याची आडकाठी नव्हती. तुमच्या देवघरात आलंय अगदी तसंच धान! मला याचं फार अप्रूप वाटतं.

कलण्याचं म्हणाल तर गवतवर्गातल्या कोंबाचं टोक उजेडाची दिशा ओळखतं. डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी टोकावर टोपी घालून पाहिलं, तर कोंब वळलेच नाहीत. 1880 मध्ये त्यांनी हे छापलं.

मोहोळचा शेतकरी:
सर म्हणतात ते रानात रोज दिसतंय बघा. आमच्याकडं मालदांडी ज्वारी पाभरीनं खोल, ओलीला पेरतात. उगवलेलं रोप अलगद उपटून बघा, दाणा खाली राहतो आणि तिथून वरपर्यंत पांढरी, दोऱ्यासारखी दांडी असते. मातीच्या तोंडाशी उजेड लागला की ती वाढायची थांबते, आणि पक्की मुळं तिथंच वर फुटतात. म्हणून बी थोडं खोल-उथळ पडलं तरी झाडाचा बुंधा सारखाच बसतो.

साखरपेठेतली सून:
सर, सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांना बरं वाटलं. घट हलवता येत नाही. दसऱ्याला उठवल्यावर धान उन्हात ठेवलं तर हिरवं होईल का?

निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, जुळे सोलापूर:
होईल, काही तासांतच रंग धरायला लागेल. पण सोलापूरचं ऊन एकदम दाखवू नका. साठलेल्या त्या प्रोटोक्लोरोफिलाइडवर कडक ऊन पडलं की पेशी जळतात. आधी सोप्यात, सावलीच्या उजेडात ठेवा.

मोहोळचा शेतकरी:
थोडं पिवळंच राहू द्या की वहिनी. सीमोल्लंघनाला टोपीत खोवायला आमच्याकडं तेच लागतं.