मदत हवी आहे: ‘सांस्कृतिक क्षमता’ प्रशिक्षणात नेमके शिकवायचे काय?

शुश्रूषा
आमच्या रुग्णालयातील परिचारिका आणि निवासी डॉक्टर यांच्यासाठी ‘सांस्कृतिक क्षमता’, म्हणजे वेगळी भाषा वा चालीरीती असलेल्या रुग्णांची नीट सेवा करता येणे, या विषयावर प्रशिक्षण घेण्याचे काम माझ्याकडे आले असून ते येत्या गुरुवारी आहे. मागच्या वेळच्या स्लाइड मला तशाच सोपवण्यात आल्या. त्यांत प्रत्येक समाजासाठी एक पान आहे: हे लोक वेदना बोलून दाखवत नाहीत, ते लोक थोडक्यासाठी ओरडतात, आणखी कोणी डॉक्टरांच्या डोळ्याला डोळा देत नाहीत. मला हे पटत नाही, परंतु त्या जागी काय ठेवावे हेही सुचत नाही. कोणाकडे तयार साहित्य असल्यास कृपया द्यावे. विषयाचे महत्त्व समजावून सांगू नये, ते मला ठाऊक आहे.

जुनाडॉक्टर
वेळ किती, माणसे किती, आणि मुख्य म्हणजे हे प्रशिक्षण आत्ताच का? कोणी तक्रार केल्याशिवाय असे विषय अचानक गुरुवारवर येऊन पडत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

शुश्रूषा
दोन तास, सुमारे चाळीस जण. तक्रारीचा येथे संबंध नाही.

निरीक्षक
त्या स्लाइड आधी काढून टाका. २०१७ मध्ये पिअर्सन या प्रकाशनसंस्थेला नेमक्या अशाच मजकुरामुळे, म्हणजे कोणत्या समाजाचा रुग्ण वेदनेला कसा प्रतिसाद देतो याची यादी परिचर्येच्या पाठ्यपुस्तकात छापल्यामुळे, जाहीर माफी मागून तो मजकूर मागे घ्यावा लागला होता. त्याऐवजी मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेले आठ प्रश्न शिकवा. या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे झाला असे तुम्हाला वाटते, तो तेव्हाच का सुरू झाला, या आजारात तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. मी ते वर्षानुवर्षे वापरत आलो आहे आणि भीतीच्या प्रश्नाने तर मला अनेकदा निदानाच्या जवळ नेले आहे. याहून अधिक काही शिकवण्याची गरज नाही.

शंकासुर
‘याहून अधिक काही नको’ हे वाक्य ऐकले की मला शंका येते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये या प्रशिक्षणाच्या परिणामांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या निकषांत बसणाऱ्या यादृच्छिक चाचण्या (ज्यांत कोणाला प्रशिक्षण द्यायचे हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते) अवघ्या पाच निघाल्या आणि त्यांतून मिळालेला पुरावाही कमी प्रतीचा ठरला. प्रशिक्षण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ होत नाही. परंतु दोन तासांत चाळीस जण बदलतील अशी आशा बाळगणे हा भाबडेपणा आहे. निरीक्षकांचे प्रश्न चांगलेच आहेत, पण वॉर्डात त्यांचा लवकरच आणखी एक छापील फॉर्म होतो आणि परिचारिका मान वर न करता तो भरत जाते.

निरीक्षक
फॉर्म केला तर दोष फॉर्म करणाऱ्याचा. रक्तदाबही मान वर न करता मोजता येतो, म्हणून आपण तो मोजणे सोडत नाही.

नवशिक्या
मी या विषयाचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. शेवटी वीस प्रश्नांची चाचणी असते, ती कितीही वेळा देता येते आणि प्रमाणपत्र लगेच मिळते. कोणाला हवे असल्यास नोंदणी कशी करायची ते सविस्तर लिहितो.

जुनाडॉक्टर
नवशिक्या, धागाकर्तीला प्रमाणपत्र नको आहे. आता थोडे त्या याद्यांच्या बाजूने. सर्व समाजविशिष्ट माहिती टाकाऊ नसते. रुग्ण धार्मिक कारणाने उपवास करत असेल, तर इन्सुलिनची मात्रा आणि वेळ बदलावी लागू शकते. अनेक कॅप्सूलांचे आवरण प्राण्यांपासून मिळवलेल्या जिलेटिनचे असते आणि काहींना ते चालत नाही. ज्याला हे ठाऊकच नाही, तो विचारणार तरी काय?

निरीक्षक
तो प्रत्येकालाच विचारेल: ‘उपवास करता का? एखादा घटक तुम्हाला वर्ज्य आहे का?’ आडनावावरून अंदाज बांधून निवडक लोकांना विचारले की ज्याला विचारायला हवे तोच सुटतो.

दुभाषी
मी रुग्णालयांत दुभाषाचे काम करते, त्यामुळे माझा पहिला प्रश्न वेगळा आहे. आपले कर्मचारी आणि रुग्ण एकच भाषा बोलतात का? नसल्यास मधले बोलणे कोण करते?

शुश्रूषा
बऱ्याचदा नातेवाईक करतात. आता विषय निघालाच आहे तर सांगते. एका वृद्ध रुग्णाला घरी सोडताना रक्त पातळ करणारी नवी गोळी समजावून सांगितली. मधले बोलणे त्यांची अकरा-बारा वर्षांची नात करत होती आणि आजी प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. पाचव्या दिवशी नाकातून रक्त येते म्हणून त्या परत दाखल झाल्या. घरात त्याच औषधाच्या, वेगळ्या नावाच्या जुन्या गोळ्या होत्या आणि त्या दोन्ही घेत होत्या. केसपेपरवर कोणीतरी लिहिले: ‘रुग्ण सूचना पाळत नाही.’ कुटुंबाची तक्रार गोळ्यांबद्दल नाही, त्या वाक्याबद्दल आहे.

जुनाडॉक्टर
म्हणजे तक्रार होती.

दुभाषी
शुश्रूषाताई, हे पहिल्याच प्रतिसादात लिहिले असते तर आपण सर्वांनी एवढा वेळ यादी आणि प्रश्नावली यांवर वाद घातला नसता. आजींची संस्कृती ठाऊक असती तरी त्या गोळ्या थांबल्या नसत्या, आणि नातीच्या तोंडून विचारले असते तर निरीक्षकांचे प्रश्नही वाया गेले असते. मुलांना शब्द येत नाहीत, लाज वाटते, आणि वाईट बातमी ती गाळून टाकतात. अमेरिकेत २०१६ च्या नियमाने तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलाला दुभाषा म्हणून वापरण्यास मनाई केली, ती याच कारणांसाठी. दूरध्वनीवरून बोलणारा दुभाषा मिळतो का ते आधी पाहा. तो मिळाल्यास कर्मचाऱ्यांना एवढेच शिकवा की बोलायचे ते रुग्णाकडे पाहून, लहान वाक्यांत, आणि ‘त्यांना विचारा’ असे न म्हणता थेट ‘तुम्हाला कुठे दुखते?’ असे.

शंकासुर
त्याला जोडून, मान हलवणे म्हणजे समजणे नव्हे. ‘समजले का?’ या प्रश्नाला जगात सगळे ‘हो’च म्हणतात. त्याऐवजी ‘मी नीट सांगितले की नाही हे मला तपासायचे आहे, उद्या सकाळी यांतली कोणती गोळी घ्याल ती दाखवा’ असे म्हणावे आणि शक्य असल्यास घरातील सर्व औषधे मागवून घ्यावीत. केसपेपरवरचे ते वाक्य मात्र दुभाषाने सुटणारे नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी या तेथील मूळ रहिवासी समाजातील परिचारिका इरिहापेती रॅम्सडेन यांनी ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ची मांडणी केली आणि १९९२ मध्ये तेथील परिचर्या परिषदेने ती शिक्षणात आवश्यक ठरवली. तिच्यात अभ्यास रुग्णाच्या चालीरीतींचा नसून परिचारिकेच्या स्वतःच्या गृहीतकांचा आणि अधिकाराचा असतो, आणि सेवा सुरक्षित होती की नाही हे ती घेणारा ठरवतो. तुमच्या वॉर्डात ‘पाळत नाही’ हे लिहिण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि त्यावर उत्तर देण्याची सोय आजींना होती का, यावर अर्धा तास बोलू द्या.

निरीक्षक
हे मान्य. तरीही दुभाषा मिळाल्यावर माझ्या आठ प्रश्नांपैकी दोन तरी ठेवा, ही विनंती.

शुश्रूषा
सर्वांचे आभार. तक्रार लपवली, कारण ते वाक्य लिहिणारी परिचारिका माझ्याच हाताखाली शिकलेली आहे आणि गुरुवारी ती समोर बसलेली असेल. समाजांची पाने काढून टाकली आहेत. पहिला तास दुभाषाबरोबर बोलण्याचा आणि रुग्णाकडून परत सांगून घेण्याचा सराव, त्यात निरीक्षकांचे दोन प्रश्न, आणि दुसऱ्या तासात तो केसपेपर, असे ठरवते आहे. दूरध्वनीवरील दुभाषासाठी वरिष्ठांना पत्र दिले, त्यांनी ‘आधी प्रशिक्षण होऊ द्या’ असे सांगितले. तो प्रसंग नावे गाळून वापरला तरी सगळे ओळखतील. तिला आधी विचारावे का?

दुभाषी
विचारावे, आणि गुरुवारच्या आधी. त्या कुटुंबालाही विचारा, फक्त नातीमार्फत नको.