मदत हवी आहे: 'माय लेडी जेन'चा दुसरा सीझन अभिवाचनातून करायचा आहे

कर्वेनगरकर

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, पुढे स्पॉयलर आहेत. मालिका पाहायची राहिली असेल तर आधी पाहून या, मग वाचा.

प्राइमवर 'माय लेडी जेन' आली २७ जून २०२४ ला, आठही भाग एकदम. ऑगस्टमध्ये बातमी आली की दुसरा सीझन होणार नाही. दोन महिनेसुद्धा दिले नाहीत. माझ्या भाचीमुळे आम्हा काही जणींना तिचं वेड लागलं. अजूनही कुणाच्या तरी घरी जमून आम्ही ती पाहतो आणि शेवटचा भाग संपला की तीच चर्चा सुरू होते. इथे लेखमाला आवडली की आपण 'पुभाप्र' (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) लिहितो. तसं लिहायची सोयच या लोकांनी ठेवली नाही.

ज्यांनी पाहिली नाही तरी मदत करू शकतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोळाव्या शतकातलं इंग्लंड, कोवळ्या वयाचा आजारी राजा एडवर्ड, गादीसाठी चाललेली ओढाताण आणि त्यात सापडलेली त्याच्या नात्यातली जेन ग्रे. इतिहासातली जेन जुलै १५५३ मध्ये जेमतेम नऊ दिवस राणी होती आणि १२ फेब्रुवारी १५५४ ला तिचा शिरच्छेद झाला. वय सोळा-सतरा. मालिकेने ठरवलं की ही मुलगी मरणार नाही. शिवाय त्या इंग्लंडात काही माणसं प्राण्याचं रूप घेऊ शकतात. त्यांना ईथियन म्हणतात आणि सत्ताधारी त्यांच्या जिवावर उठलेले असतात. जेनचं मनाविरुद्ध ज्याच्याशी लग्न लावतात, तो गिल्डफर्ड डडली दिवसा घोडा असतो. लिहिताना बालिश वाटतं, पण एमिली बेडर आणि एडवर्ड ब्लूमेल यांनी ते असं केलंय की त्या घोड्याच्या मानेवर तिने हात ठेवला की आपल्याला भरून येतं.

मला हे इतकं का लागलं तेही सांगते. जेन ग्रे म्हटलं की अजूनही लोकांना आठवतं ते पॉल देलारोशचं १८३३ चं चित्र. पांढरे कपडे, डोळ्यांवर पट्टी, आणि मान ठेवायचा ठोकळा कुठे आहे ते दोन्ही हात पुढे करून शोधणारी मुलगी. तिची एवढीच ओळख राहिली होती. या मालिकेने तिला जडीबुटीचं ज्ञान दिलं, धारदार जीभ दिली, राग दिला, प्रेम दिलं आणि मुख्य म्हणजे जिवंत ठेवलं. आणि नेमकी तिच्या जगण्याला सुरुवात होते तिथे मालिका बंद! एडवर्डची सावत्र बहीण मेरी गादीवर बसलेली, जेन आणि गिल्डफर्ड निसटलेले, एडवर्ड जिवंत असूनही गादीपासून दूर. हे असं अर्धवट ठेवायला माझं मन तयार नाही.

तर आम्ही दुसरा सीझन मराठीत लिहून घरातल्या घरात त्याचं अभिवाचन करणार आहोत. पाच-सहा वाचक, समोर आमचीच वीस-पंचवीस माणसं. मदत अशी हवी आहे: मालिका ज्या पुस्तकावरून घेतली त्यात पुढचा भाग आहे का? जेन वाचली असती तर खऱ्या इतिहासातलं पुढचं काय काय वापरता येईल? नुसत्या वाचनात घोडा कसा दाखवायचा? आणि असं करायला परवानगी लागते का?

पर्वतीपायथा

ताई, पुस्तकाचं मी सांगते, कारण मी मालिकेआधी पुस्तक वाचलं होतं.

नाव तेच, २०१६ चं, सिंथिया हँड, ब्रोडी अ‍ॅश्टन आणि जोडी मेडोज या तिघींनी मिळून लिहिलेलं. लक्षात ठेवा, त्यांची पुढची पुस्तकं जेन ग्रेची नाहीत. 'माय प्लेन जेन' बघून पुष्कळ जण दुसरा भाग समजून विकत घेतात, पण ती जेन वेगळी, शार्लट ब्राँटेच्या कादंबरीतल्या जेन एअरशी खेळलेली. त्यानंतरची 'माय कॅलॅमिटी जेन' तर अमेरिकेतल्या गुराख्यांच्या मुलखात जाते. तेव्हा पुढची गोष्ट मिळेल या आशेने पैसे घालू नका.

पण पहिलं पुस्तक जरूर वाचा. ते पूर्ण आहे, अर्धवट सोडत नाही. मालिकेपेक्षा बरंच वेगळं आहे: पुस्तकातली जेन स्वतःच फेरेट होते, म्हणजे आपल्या मुंगसासारखा लांबुडका प्राणी, आणि एडवर्ड होतो खरुची, तो लहान ससाणा. मालिकेने जेनला प्राणी केलंच नाही. दुसऱ्या सीझनसाठी ठेवलं असेल असं मला मनापासून वाटतं. तुम्ही लिहिणार असाल तर हा धागा सोडू नका.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत हे आयतं मिळणं अवघड. दुकानदाराला नाव लिहून दिलं तर मागवून देतात, नाहीतर ऑनलाइन.

बखरवाचक

धागा आवडला. मालिका पाहिली नाही, पण इंग्लंडच्या ट्यूडर घराण्याचा काळ माझ्या अभ्यासाचा आहे, म्हणून इतिहासाची बाजू मांडतो. जरा लांबेल.

सगळ्यात आधी एक कागद पाहा. एडवर्डने मरण्यापूर्वी स्वतःच्या हाताने वारसाचा मसुदा लिहिला. तो लंडनच्या इनर टेंपलच्या ग्रंथालयात आहे. मुळात त्यात लिहिलं होतं की गादी जेनच्या पुत्रांना जावी. पण ६ जुलै १५५३ ला राजा गेला तेव्हा जेनला मूलच नव्हतं. त्याआधीच कधीतरी त्या ओळीत खाडाखोड करून मध्ये 'आणि तिचे' अशा अर्थाचे दोनच शब्द घातले गेले. 'जेनचे पुत्र' होते, ते झाले 'जेन आणि तिचे पुत्र'. शाईचे ते दोन शब्द त्या मुलीच्या जिवावर बेतले. अभिवाचनाची सुरुवात इथून करा असं सुचवेन. एक वाचक मसुदा वाचतो, दुसरा मध्येच थांबवून ते शब्द घालतो.

आता पुढचं. १० जुलैला जेन राणी घोषित, १९ जुलैला मेरी. जेनला लगेच मारलं असा समज आहे, तो चुकीचा आहे. नोव्हेंबरात खटला झाला, शिक्षा सुनावली, तरी मेरी अंमलबजावणी करत नव्हती. गाडी बिघडली १५५४ च्या जानेवारीत. मेरी स्पेनच्या फिलिपशी लग्न करणार म्हणून टॉमस वायटने केंटमध्ये बंड उभारलं, आणि जेनचा बापच त्यात सामील झाला. मग जेनला जिवंत ठेवणं मेरीला परवडेना. ज्या दिवशी जेन गेली त्याच दिवशी सकाळी गिल्डफर्डही गेला.

तुमच्या गोष्टीत जेन बाहेर मोकळी आहे. म्हणजे वायटच्या बंडाला एक राणी आयती मिळते! खऱ्या बंडाला ती मिळाली नव्हती. बाप मुलीच्या नावाने सैन्य गोळा करतोय आणि तिला पुन्हा मुकुट नको आहे, यात एक अख्खा भाग आहे. शिवाय मार्च १५५४ मध्ये मेरीची सावत्र बहीण एलिझाबेथ हिला त्याच बंडाच्या संशयावरून टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबलं होतं, मे महिन्यात सोडलं. मालिकेतली बेस ती हीच. तिला सोडवायला जेन परत येते का, हा दुसरा.

जेनच्या धाकट्या बहिणीला विसरू नका. कॅथरिनने १५६० मध्ये गुपचूप लग्न केलं, एलिझाबेथ राणी होती, ती भडकली आणि कॅथरिनचं आयुष्य नजरकैदेत गेलं. जेनला वाचवताय, तर तिलाही वाचवा.

आणि एक गोष्ट अशी, की त्यात कल्पनेचं काही मिसळायची गरज नाही. रॉजर अ‍ॅस्कम नावाचा विद्वान १५५० मध्ये तिच्या घरी गेला होता. घरचे सगळे रानात शिकारीला गेलेले आणि ही मुलगी आपल्या खोलीत प्लेटो वाचत बसलेली, मूळ ग्रीकमधून. अ‍ॅस्कमने ते लिहून ठेवलंय.

कर्वेनगरकर

बखरवाचक, काय सुंदर लिहिलंत. 'आणि तिचे' वाचून भाची उठून उभी राहिली. सुरुवात तिथूनच करणार, ठरलं.

पर्वतीपायथा, फेरेटबद्दल मनापासून आभार. पुस्तक मागवते आहे. पण आमच्यात यावरून दोन तट पडलेत. अर्ध्या जणींना वाटतं की जेन माणूस राहूनच ईथियनांच्या बाजूने उभी राहते यातच तिचं मोठेपण आहे, स्वतःवर आलं म्हणून लढली तर ते कमी होईल. मला हे पटतं. तुम्हाला काय वाटतं?

पर्वतीपायथा

पटतंय. पुस्तकात तिचं बदलणं फार गोड आहे, पण मालिकेची जेन वेगळ्या मातीची आहे. तिला माणूसच राहू द्या.

विंगेतून

घोड्याचं मी सांगतो. कॉलेजात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला आणि पुढे बरीच वर्षं अभिवाचनं केली आहेत.

घोडा दाखवायला जाऊ नका. मुखवटा नको, खिंकाळणं तर अजिबात नको, पहिल्याच खिंकाळण्याला लोक हसतील आणि मग ते हसू शेवटपर्यंत पुसता येणार नाही. गिल्डफर्ड वाचणाऱ्याला दिवसाच्या प्रसंगांत शब्दच देऊ नका. तो आपल्या जागेवर बसून राहील, संहिता मिटून मांडीवर ठेवेल आणि जो बोलतोय त्याच्याकडे पाहील. बोलायची सगळी जबाबदारी जेनची. तिने त्याला विचारायचं, थांबायचं, उत्तर नाही मिळालं तरी समजून पुढे बोलायचं. सूर्य मावळला की त्याने संहिता उघडायची. दोनदा असं झालं की प्रेक्षकांना खूण कळते, सांगावं लागत नाही. टापा हव्याच असतील तर नारळाच्या दोन करवंट्या, जाड सतरंजीवर, पडद्यामागून. फरशीवर वाजवल्या तर खोट्या वाटतात.

मालिकेत निवेदक आहे ना? तो ठेवा. इतिहास काय म्हणतो आणि आपली गोष्ट काय म्हणते, दोन्ही तोच सांगेल. आवाज तरुण नको.

कोथरूडचा वाटसरू

इथे नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'ची आठवण व्हायलाच हवी. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतात जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, कानाजवळून गेली. तेवढ्या एका फरकाने पुढचं सगळं बदलतं, आणि नारळीकर ते इतकं शिस्तीत बदलतात की आपण प्रश्नच विचारत नाही. तुमच्या लिहिणाऱ्या मंडळींनी ती कथा आधी एकत्र बसून वाचावी. एकदा जेन वाचली, की दुसरा चमत्कार वापरायचा नाही. बाकीचं तिच्या वाचण्यातूनच घडलं पाहिजे.

अवांतर: आपल्याकडे ही आवड जुनीच आहे. 'मुक्तामाला' ही कादंबरी १८६१ ची, पुढे 'मंजुघोषा', आणि नाथमाधवांची 'वीरधवल' तर आमच्या आजीने कितीदा वाचली असेल. गूढ किल्ले, वेशांतर, राजकन्या. जेनला मराठीत बोलताना ऐकायचं असेल तर भाषेचा बाज तिथून उचला. भाषांतरित वाटता कामा नये.

काळा कोट

परवानगीबद्दल थोडंच लिहिते. जेन, मेरी, एलिझाबेथ, वायट ही इतिहासातली माणसं कुणाच्या मालकीची नाहीत. ईथियन ही कल्पना, मालिकेचे संवाद, त्यांनी रचलेले प्रसंग मात्र निर्मात्यांचे आणि लेखिकांचे. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये हौशी मंडळांनी फुकट प्रेक्षकांसमोर केलेल्या सादरीकरणाला सवलत आहे, पण रूपांतराचा हक्क ही वेगळी गोष्ट आहे, ती त्यात आपोआप येत नाही. घरातल्या दिवाणखान्यात, तिकीट आणि जाहिरात न लावता वाचलंत तर कुणी तुमच्या दारात येईल असं मला वाटत नाही. चित्रण करून यूट्यूबवर टाकू नका. सभागृह घ्यायचं मनात आलं, तर आधी प्राण्यांची कल्पना तुमची स्वतःची करा.

आशा सोडली नाही

लिहा, नक्की लिहा, पण मागणीही सोडू नका! 'टाइमलेस' ही अमेरिकन मालिका २०१७ मध्ये रद्द केली, तीन दिवसांत परत आणली, पुन्हा २०१८ मध्ये रद्द केली, आणि चाहते हटले नाहीत म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात दोन तासांचा शेवटचा भाग द्यावा लागला. 'जेरिको' या मालिकेच्या वेळी २००७ मध्ये लोकांनी वाहिनीच्या कचेरीत टनावारी शेंगदाणे पाठवले होते, सात भाग मिळाले. जेनसाठीही ऑनलाइन सह्या झाल्यात. मी केली आहे.

कर्वेनगरकर

सह्या आम्हीही केल्या आहेत आणि कुणी विचारलं तर पुन्हा करू.

सगळ्यांच्या प्रतिसादांवरून असं ठरलंय: चार भाग, प्रत्येकी साधारण पाऊण तास. पहिला 'आणि तिचे' पासून, दुसरा वायटच्या बंडाचा, तिसऱ्यात बेस टॉवरमध्ये, चौथा कॅथरिनचा. जेन माणूसच राहील. घोडा गप्प राहील. चित्रण नाही. काळा कोट, प्राण्यांची कल्पना बदला म्हणालात ते समजलं, पण गिल्डफर्डचा घोडा आमच्याने सोडवत नाही, म्हणून सभागृहाचा विचारच काढून टाकला. आमच्याच हॉलमधल्या खुर्च्या सरकवू.

एक अडचण उरली आहे. निवेदकासाठी विंगेतून यांनी सांगितला तसा मुरलेला आवाज आमच्यात नाही, आणि मेरी वाचायला कुणी तयार नाही, सगळ्यांना जेनच व्हायचंय. मेरीला नुसती दुष्ट करायची नाही. आईला टाकलेलं तिने पाहिलंय, बापाने तिला अनौरस ठरवलं होतं, ते सगळं आवाजात यायला हवं. कर्वेनगर, वारजे, कोथरूड भागातलं कुणी या दोन जागांसाठी येऊ शकेल का? वाचन रविवारी दुपारी चारनंतर, चहा-पोहे आमच्याकडे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बखरवाचक

निवेदक मी वाचतो. राहायला वारज्यातच आहे. मालिका या आठवड्यात पाहून घेतो.

काळा कोट

मेरी मला द्या. व्यनि केला आहे.